रुग्णालयांसाठी आयटीवाले घडवायला सरकारी पैसा : अमेरिकेचं काय उचलावं, काय सोडावं

प्रश्न असा आहे : एका शिक्षणसंस्थेचं जिल्ह्याच्या गावी पदवी महाविद्यालय आहे आणि संस्थेचंच शंभर खाटांचं रुग्णालय आहे. सरकारी कौशल्य योजनेच्या पैशातून 'हेल्थ आयटी'चा सहा महिन्यांचा वर्ग काढायचा विचार चालू आहे. अमेरिकेने २०१० च्या सुमारास हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. त्यातलं काय घ्यावं?

थोडक्यात सांगायचं तर अभ्यासक्रमाचा मोठा भाग घ्या, तो फुकट आहे. प्रवेशाची आणि पैसे वाटायची पद्धत घेऊ नका. तिकडे वर्ग भरले, माणसं शिकली, पण बऱ्याच जणांना पहिल्या नोकरीचं दार उघडलं नाही. त्याचं कारण वर्गात नव्हतं. ते वर्ग आणि वॉर्ड यांच्या मधल्या जागेत होतं, आणि त्या जागेसाठी फारसा पैसा ठेवलेलाच नव्हता.

आधी तिकडचा हिशेब पाहू. १७ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी मंदीवरच्या उपायांचा ७८७ अब्ज डॉलरचा कायदा सही केला. त्यातलाच एक भाग म्हणजे 'हायटेक' कायदा. डॉक्टरांनी कागदी फाइली सोडून संगणकावर नोंदी ठेवाव्यात म्हणून थेट पैसे देऊ केले गेले : मेडिकेअरमधून (वृद्धांची सरकारी विमायोजना) एका डॉक्टरला ४४,००० डॉलरपर्यंत, मेडिकेडमधून (गरिबांची) ६३,७५० डॉलरपर्यंत. मग लक्षात आलं की हे सगळं बसवायला, शिकवायला माणसंच नाहीत. सरकारी अंदाज सुमारे ५१,००० माणसांच्या तुटीचा होता. एप्रिल २०१० मध्ये १६ विद्यापीठं आणि महाविद्यालयांना ८.४ कोटी डॉलर जाहीर झाले. कम्युनिटी कॉलेजांचा (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी स्थानिक महाविद्यालयं) दुसऱ्या वर्षाचा हप्ता धरून एकूण आकडा ११.८ कोटींच्या आसपास गेला.

त्यातले सुमारे सात कोटी पाच प्रादेशिक गटांत बांधलेल्या कम्युनिटी कॉलेजांना गेले. ही साधारण ८० कॉलेजं होती आणि त्यांनी सहा महिन्यांचे वर्ग चालवायचे होते. ३.२ कोटी नऊ विद्यापीठांना वरच्या पातळीच्या शिक्षणासाठी मिळाले. एक कोटी पाच विद्यापीठांना अभ्यासक्रम लिहायला दिले : ओरेगन हेल्थ अँड सायन्स, कोलंबिया, ड्यूक, जॉन्स हॉपकिन्स आणि अलाबामा (बर्मिंगहॅम). उरलेले ६० लाख एका परीक्षेसाठी होते.

या रचनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे कॉलेजांसाठी ठरवलेल्या सहा भूमिका. दवाखान्यातल्या कामाचा क्रम तपासून नव्याने बसवणारा, डॉक्टर-परिचारिकांच्या बाजूने बोलणारा सल्लागार, प्रणाली बसवायला मदत करणारा, त्या कामाचा व्यवस्थापक, चालू प्रणालीचा तांत्रिक आधार देणारा आणि कर्मचाऱ्यांना शिकवणारा. या सहांत प्रोग्रामर नाही. तो विद्यापीठांच्या यादीत होता. आपल्याकडे 'हेल्थ आयटी' म्हटलं की संस्थाचालकांच्या डोळ्यांपुढे पायथन आणि एआय येतं. रुग्णालयाला मात्र हवा असतो रात्री अकराला कॅज्युअल्टीत बिल निघत नाही तेव्हा ते का निघत नाही हे शोधणारा माणूस. तुमच्या अर्जात हा फरक पहिल्या पानावर दिसला पाहिजे.

२०१३ पर्यंत २०,००० च्या आसपास लोकांनी कॉलेजांचे वर्ग पुरे केले. मूलभूत इलेक्ट्रॉनिक नोंदी वापरणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांचं प्रमाण २००८ मध्ये जेमतेम ९ टक्के होतं, २०१५ मध्ये ते ८४ टक्क्यांच्या आसपास गेलं. कायदा म्हणून हे यशच. पण त्या वाढीचं श्रेय प्रामुख्याने डॉक्टरांना आणि रुग्णालयांना मिळालेल्या प्रोत्साहनाला आणि पुढे २०१५ पासून येणाऱ्या दंडाच्या धाकाला द्यावं लागतं. प्रशिक्षणाचा वाटा होता, पण तो जितका होऊ शकला असता तितका झाला नाही. का, ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्याच चुका इथे जशाच्या तशा व्हायची शक्यता आहे.

पहिली अडचण घाईची. कायद्यानेच सहा महिन्यांच्या आत संपणाऱ्या अभ्यासक्रमांना झुकतं माप दिलं होतं, आणि एप्रिलमध्ये मंजुरी मिळालेल्या कॉलेजांनी सप्टेंबरअखेर वर्ग सुरू करायचे होते. अभ्यासक्रम त्याच महिन्यांत लिहिला जात होता. म्हणजे पहिल्या तुकडीला शिकवणाऱ्या मास्तरांच्या हातात साहित्य जवळपास विद्यार्थ्यांबरोबरच पडलं. सुधारलेल्या आवृत्त्या नंतर आल्या, तोवर तुकड्या बाहेर पडून गेल्या होत्या.

दुसरी अडचण मोजमापाची. वर्षाला १०,५०० विद्यार्थी हे कॉलेजांचं लक्ष्य होतं. डोकी मोजायची ठरली की डोकीच जमवली जातात. हा वर्ग मुळात आरोग्य किंवा आयटी यांपैकी एका बाजूची पार्श्वभूमी असलेल्यांसाठी होता. प्रत्यक्षात पंधरा वर्षं वॉर्डात काढलेली परिचारिका आणि मंदीत नोकरी गेलेला नेटवर्क तंत्रज्ञ एकाच बाकावर आले. तिला आयपी पत्ता म्हणजे काय ते हवं होतं, त्याला 'डिस्चार्ज' आणि 'ट्रान्सफर' यांतला फरक. दोघांना एकच क्रम शिकवला तर अर्धा वेळ दोघांचाही वाया जातो.

तिसरी आणि सगळ्यात जाचक अडचण म्हणजे विशिष्ट सॉफ्टवेअरची. एपिक हे तिकडच्या मोठ्या रुग्णालयांत चालणारं नोंदींचं सॉफ्टवेअर. ही रुग्णालयं जाहिरातीत 'एपिक-प्रमाणित' माणूस मागतात. एपिकचं प्रशिक्षण घ्यायचं तर नोकरी देणाऱ्या रुग्णालयाने किंवा सल्लागार कंपनीने पाठवावं लागतं, कोणालाही पैसे भरून जाता येत नाही. म्हणजे नोकरीसाठी प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्रासाठी नोकरी. सरकारी वर्गात सराव होता तो व्हिस्टावर, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांच्या प्रणालीच्या शैक्षणिक आवृत्तीवर. तत्त्व शिकायला ती उत्तम होती, पण भरती करणाऱ्याच्या कागदावर त्या नावापुढे खूण नव्हती.

चौथी गोष्ट परीक्षा. सहा भूमिकांसाठी सहा परीक्षा काढल्या, 'एचआयटी प्रो' नावाच्या. परीक्षा वाईट नव्हती, पण नोकरी देणाऱ्यांनी ती मागितलीच नव्हती. २०१३ मध्ये ती एका व्यावसायिक संघटनेकडे नव्या नावाने गेली आणि पुढे बंद झाली. साठ लाख डॉलरचा धडा असा की प्रमाणपत्राची किंमत ते देणारा ठरवत नाही, ते मागणारा ठरवतो.

हा कार्यक्रम चालवणाऱ्या केंद्रीय आरोग्य-आयटी कार्यालयाने पाच वर्षांनी काय केलं ते पाहा. २०१५ मध्ये सात संस्थांना ६७ लाख डॉलर दिले. काम दोन : अभ्यासक्रमात आरोग्य-विदा (डेटा) विश्लेषण, रुग्णसेवेचा समन्वय असे विषय घालायचे, आणि ६,००० लोकांना शिकवायचं. पण हे ६,००० आधीच रुग्णालयांत नोकरी करणारे. नवख्यांना आणून मग जागा शोधण्यापेक्षा जागेवर असलेल्याला वर चढवणं सोपं आणि स्वस्त, हे त्यांना कळलं होतं. तुमच्या योजनेचा पायाही इथेच घाला.

   

आता तुमच्याकडे.

प्रवेश. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी वर्ग भरून टाकायचा मोह आवरा. पहिली तुकडी २४ जणांची धरा आणि त्यातले निम्मे रुग्णालयात काम करणारेच घ्या : एमआरडीतला (रुग्णांच्या नोंदी जपणाऱ्या विभागातला) कारकून, लॅब टेक्निशियन, बिलिंग काउंटरवरची मुलगी, दोन सिस्टर. उरलेले १२ बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा डिप्लोमावाले. पहिले तीन आठवडे दोघांचे वर्ग वेगळे ठेवा. आयटीवाल्यांना शरीराची रचना, वैद्यकीय शब्द, ओपीडी ते डिस्चार्ज हा प्रवास. रुग्णालयातल्यांना डेटाबेस, नेटवर्क, फाइल, बॅकअप. मग रुग्णालयातला एक आणि एक आयटीवाला अशा जोड्या लावा आणि त्या शेवटपर्यंत मोडू नका. बरंचसं शिक्षण त्या जोडीतच होतं.

अभ्यासक्रम. अमेरिकेच्या साहित्याचे वीस भाग आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली ते वापरता येतात, पण व्यावसायिक वापर चालत नाही आणि तुम्ही बदललेलं साहित्यही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं. म्हणजे त्यावर भरमसाट फी लावायची सोय नाही. वीसपैकी चार भाग जवळजवळ जसेच्या तसे घ्या : कामाच्या क्रमाचं विश्लेषण, नोंदप्रणालीची मांडणी, गुणवत्ता सुधारणा आणि प्रशिक्षण कसं द्यावं. वैद्यकीय शब्दांचा भाग चालतो. तिथल्या विमाव्यवस्थेचा, इतिहासाचा आणि हिपा या तिथल्या रुग्ण-गोपनीयतेच्या कायद्याचा भाग गाळा. त्याजागी आपला २०२३ चा वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा, आयुष्मान भारत डिजिटल मिशन, आपली टीपीए (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपन्या) आणि सरकारी योजनांची क्लेम-पद्धत घाला. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय शब्दसंहिता भारतात विनाशुल्क मिळते आणि तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. डिजिटल मिशनसाठी लागणारे एफएचआयआरचे (आरोग्यनोंदींची देवाणघेवाण करायचं मानक) भारतीय आराखडेही तेच केंद्र ठेवतं. या दोन्हींवर प्रत्येकी दोन दिवस पुरेत, तज्ज्ञ करायची गरज नाही.

प्रयोगशाळा. व्हिस्टाच्या जागी बाह्मनी घ्या. ओपन-एमआरएसवर उभी असलेली ही मुक्त प्रणाली भारतातल्या ग्रामीण रुग्णालयासाठीच घडली. नोंदणी, लॅब, बिलिंग सगळं एकत्र आहे. १६ जीबी मेमरीचा एक साधा सर्व्हर, लॅनवर बारा संगणक, एक बारकोड स्कॅनर आणि एक लेबल प्रिंटर एवढ्यावर भागतं. लेबल प्रिंटर वगळू नका. नमुन्याच्या नळीवर लेबल आडवं चिकटवलं की यंत्र ते वाचत नाही, आणि लॅबमधली गडबड कितीदा तरी तिथूनच सुरू होते. डिजिटल मिशनचं सँडबॉक्स (चाचणीसाठीचं) खातं काढा आणि पहिला टप्पा, म्हणजे आभा क्रमांक (रुग्णाचा डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक) तयार करणं आणि पडताळणं, विद्यार्थ्यांकडून करून घ्या. दुसरा आणि तिसरा टप्पा दाखवा, पण परीक्षेत धरू नका.

सरावात मुद्दाम बिघाड पेरा. एक उदाहरण : एकाच रुग्णाची तीनदा नोंदणी करून ठेवा. एकदा 'सुनिता', एकदा 'सुनीता', एकदा माहेरच्या आडनावाने. एका नोंदीवर मोबाइल मुलाचा, दुसरीवर जावयाचा. जुना शुगरचा रिपोर्ट पहिल्या नोंदीवर आहे, ॲलर्जी तिसरीवर. आता विद्यार्थ्याने नोंदी एकत्र करायच्या. काहीजण नाव आणि आडनाव जुळवून 'मर्ज' दाबून मोकळे होतात. बरोबर क्रम असा : आधी जन्मतारीख किंवा वय, लिंग, गाव आणि आणखी एक खूण जुळते का ते पाहा, मग तिन्ही नोंदींवर चालू ॲडमिशन किंवा अपुरं बिल नाही ना ते तपासा, ॲलर्जी कायम राहणाऱ्या नोंदीवर आली का ते बघा, आणि कोणी, कधी, कशाच्या आधारे जोडलं ते लिहून ठेवा. दोन वेगळ्या सुनीता चुकून एक झाल्या तर परत वेगळ्या करणं फार अवघड जातं. म्हणून शंका असली की मर्ज करायचंच नाही, एमआरडीकडे पाठवायचं. हा एक तास नीट झाला तर डेटा-गुणवत्तेवरची दहा व्याख्यानं वाचतात.

दुसरा बिघाड : दुपारी बाराला सर्व्हर बंद करा, दोन तास. केसपेपर कोणत्या कागदावर, नंबर कोणत्या मालिकेतून, आणि सर्व्हर परत चालू झाल्यावर कोणत्या क्रमाने भरायचं? आधी नोंदणी, मग ॲडमिशन, मग औषधं आणि तपासण्या, शेवटी बिल. उलट भरलं तर बिल दुसऱ्याच भेटीला लागतं.

रुग्णालयातले तास. इथे कंजूषपणा करू नका. चोवीस आठवड्यांपैकी बारा आठवडे, आठवड्याला १६ तास, म्हणजे १९२ तास प्रत्यक्ष विभागांत. चौघांचे सहा गट करून सहा विभाग दोन-दोन आठवड्यांनी फिरवा : नोंदणी व ओपीडी, वॉर्ड, लॅब व एक्स-रे, फार्मसी व स्टोअर, बिलिंग व टीपीए, एमआरडी. प्रत्येक विभागात गटाने एक कागद द्यायचा : इथलं काम आज कोणत्या पायऱ्यांनी होतं आणि तीच माहिती किती वेळा परत लिहिली जाते. लॅबमध्ये बहुतेक वेळा सापडतं की नाव रजिस्टरात, संगणकात आणि रिपोर्टवर असं तीनदा लिहिलं जातं. तो कागद विभागप्रमुखापुढे मांडायचा. तुमच्या एका रुग्णालयावर विसंबू नका, निदान दोन बाहेरच्या रुग्णालयांशी करार करा आणि त्यातलं एक वेगळं सॉफ्टवेअर वापरणारं असू द्या. एकच पडदा पाहिलेला मुलगा दुसऱ्या पडद्यापुढे गांगरतो.

करारात रुग्णालयातल्या मार्गदर्शकाचं मानधन लिहा. चार विद्यार्थ्यांमागे एक माणूस, आठवड्याला चार तास. ते अंदाजपत्रकात नसेल तर पहिले दोन आठवडे उत्साहात जातात आणि नंतर मार्गदर्शक फोन उचलत नाही. विद्यार्थ्यांकडून गोपनीयतेचं लेखी वचन घ्या, प्रत्येकाला वेगळं आणि फक्त पाहायच्या हक्काचं लॉगिन द्या. सिस्टरच्या पासवर्डवर काम करू दिलंत तर पहिल्याच तक्रारीला रुग्णालय दार बंद करेल, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

आता पैसे. केंद्राच्या कौशल्य योजनेतून हवे असतील तर स्वतः लिहिलेला अभ्यासक्रम चालत नाही, एनएसक्यूएफ-मान्य (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसणारा) अभ्यासक्रम लागतो. आरोग्य क्षेत्रासाठी हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलची यादी पाहा, त्यातला सगळ्यांत जवळचा जॉब रोल घ्या आणि वरचे तास स्वतःच्या खर्चाने जोडा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन आवृत्त्यांत नोकरी लागल्याची नोंद ठेवावी लागे, चौथीत ती अट उरली नाही. तुम्ही मात्र ठेवा, सहा महिने आणि बारा महिने झाल्यावर. पुढचा अर्ज त्याच कागदावर उभा राहतो.

पहिल्या नोकरीच्या त्या फटीसाठी दोन सरकारी पूल आहेत आणि अमेरिकेच्या त्या कार्यक्रमात असं काही नव्हतं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली : बारावीला ६,०००, आयटीआय वा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये महिना, वय १८ ते ३५. ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांना ती लागू होत नाही, म्हणून ती वर्गाच्या आत धरू नका. वर्ग संपल्यावर करारातल्या रुग्णालयांत सहा महिने काम, अशी तिची जागा ठेवा. अर्जाआधी चालू शासन निर्णय वाचा, कारण मुदतीत आणि अटींत बदल झालेले आहेत. रुग्णालयाशी करार करतानाच आकडा लिहून घ्या : किती जणांना घेणार, कोणत्या कामावर. 'शक्य तेवढे' असं लिहिलेला करार शून्यावर येतो.

खर्चाची वाटणी मी अशी धरेन : शंभरातले चाळीस शिकवणाऱ्यांना, पंचवीस रुग्णालयातल्या मार्गदर्शकांना आणि विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याला, पंधरा प्रयोगशाळेला, दहा तुकडी बाहेर पडल्यावर वर्षभर पाठपुरावा करणाऱ्या एका माणसाला, बाकी कार्यालय, छपाई, परीक्षा. शिकवणाऱ्यांतही पूर्णवेळ दोन पुरेत, एक रुग्णालयातून आलेला आणि एक आयटीतून. बाकी तासांवर. 'स्मार्ट क्लासरूम'साठी पैसे मागू नका, मंजूर करणाऱ्यालाही ती युक्ती पाठ असते.

हिशेबाचं शेवटचं. अनुदानासाठी वेगळं बँक खातं उघडा. केंद्राच्या अनुदानावर पडलेलं व्याज संस्थेचं नसतं, ते परत भरावं लागतं. हे न कळल्यामुळे कित्येक संस्थांचे उपयोगिता दाखले (अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) अडकतात. दाखला १२-अ नमुन्यात लागतो, आणि मागचा दाखला गेल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही. लेखापरीक्षकाला तुकडी संपायच्या आधीच बोलावा. हप्ता उशिरा येईल हे धरूनच चाला : निदान तीन महिन्यांचे पगार आणि मार्गदर्शकांचं मानधन संस्थेने बाजूला काढलेलं असावं, आणि व्यवस्थापन समितीचा तसा ठराव अर्जाला जोडलेला असावा.